न वाचता सुचवलेली दहा पुस्तकं

बोईसर स्टेशनाकडून कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं, एक पंखा आणि रस्त्यावर उघडणारी खिडकी. लोकांचे धंदे इंटरनेटवर मांडून देणं हे माझं काम. कुणाची वेबसाइट करायची, कुणाच्या जाहिराती चालवायच्या, कुणाला मोबाइलवर ऑर्डरी कशा घ्यायच्या ते शिकवायचं. हातमोजे बनवणारे एक कारखानदार, प्लॅस्टिकचे पिंप विकणारा एक व्यापारी, दहावी-बारावीचे क्लास घेणाऱ्या एक बाई, अशी माझी गिऱ्हाइकं. त्याआधी बारा वर्षं मी इथल्याच एका कंपनीत माल पाठवण्याच्या खात्यात होतो. वडीलही कंपनीतच होते. आमच्या भाड्याच्या खोलीत शाळेच्या पुस्तकांपलीकडे पुस्तक म्हणून काही नव्हतं. परीक्षा संपली की तीही रद्दीत जायची. त्यामुळे पुस्तकांविषयी मला लहानपणापासून एक दुरूनचा आदर होता. देवळाबाहेरून हात जोडून पुढे जावं तसा. आत जायची वेळ कधी आली नाही.

ऑफिस सुरू केलं तेव्हा स्वतःच्या वेबसाइटवरही काहीतरी वजनदार असावं असं वाटलं. या धंद्यातल्या मोठ्या लोकांची पानं पाहिली, तर जवळजवळ प्रत्येकाने वाचायलाच हव्यात अशा पुस्तकांची यादी दिलेली. म्हटलं, आपणही देऊ. चार ठिकाणच्या याद्या उघडल्या, जी नावं पुन्हा पुन्हा दिसत होती ती उचलली आणि प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी लिहिल्या. जेवून बसलो होतो, चहाच्या वेळेपर्यंत यादी तयार झाली. मथळा दिला, ‘ऑनलाइन धंदा करणाऱ्यांनी वाचावीत अशी दहा पुस्तकं’. त्यांतलं एक मी पूर्ण वाचलं होतं आणि एक अर्धं. बाकीच्या आठांची मुखपृष्ठंसुद्धा मी फक्त स्क्रीनवर पाहिलेली. तरी शेवटी एक वाक्य टाकलं: ‘ही दहाही पुस्तकं माझ्या टेबलावर कायम हाताशी असतात.’ ते वाक्य मला फारच आवडलं होतं.

नंतर मी ती यादी विसरून गेलो.

अडीच वर्षांनी एका सकाळी फोन आला. एका बाईंचा आवाज, मागे वारा.

“सर, तुमच्या यादीतलं दहावं पुस्तक काल संपलं.”

मला वाटलं, कुणीतरी पुस्तकं विकतंय. “कुठली यादी?”

“तुमचीच. दहा पुस्तकांची. मी दातिवऱ्यावरून बोलते. दोन-तीन ठिकाणी अडलंय, तुमाला विचारायचं हाय. कधी येऊ?”

शनिवारी या म्हटलं. फोन ठेवल्यावर आधी वेबसाइट उघडून यादी पाहिली, म्हणजे आपण नेमकं काय सुचवलंय ते कळेल. वाचताना ते शेवटचं वाक्य आलं आणि मी पान बंद केलं.

शनिवारी त्या अकराच्या सुमारास आल्या. सफाळ्याला गाडी पकडून आल्या होत्या. वय चाळिशीच्या अलीकडचं, साधी साडी, आणि पाठीला शाळेत नेतात तसली सॅक. बसायच्या आधी त्यांनी माझ्या टेबलाकडे पाहिलं. टेबलावर हातमोज्यांचे नमुने होते, चार्जर होता, चहाचा ग्लास होता.

“पुस्तकं घरी ठेवलीत का?”

“हो, म्हणजे, घरी वाचायला बरं पडतं,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

त्यांनी आपली माहिती सांगितली. माहेर आणि सासर दोन्ही किनाऱ्यावरचं. बारावी झाली आणि लग्न झालं. घरची होडी आहे, नवरा आणि दीर जातात. सासू आणि त्या मासळी सुकवतात, विकतात. सासू सफाळ्याच्या बाजारात बसते. यांनी मोबाइलवरून विकायला सुरुवात केली होती. बोंबील, सोडे, जवळा, वाकट्या. हे कसं वाढवायचं ते शोधता शोधता माझी यादी सापडली. बोईसरचा माणूस, म्हणजे आपल्या जवळचा, त्याने वाचून निवडलंय, असा त्यांचा विचार.

“तीन पुस्तकं मराठीत मिळाली,” त्या म्हणाल्या. “सात इंग्रजीच. दोन जुन्या पुस्तकांच्या गाडीवर सापडली. एक वाचनालयात मागवून घेतलं, त्यासाठी चार महिने फेऱ्या मारल्या. बाकीची मागवली एकेक करून.”

“आणि इंग्रजी?”

“डिक्शनरी घेतली. मोबाइल पानावर धरला की तो पण मराठी करून दाखवतो, पण तो कायपन सांगतो.”

सॅकमधून त्यांनी तीन दोनशे-पानी वह्या काढल्या आणि त्या रिकाम्या टेबलावर ठेवल्या. वह्या मी नंतर पुष्कळदा पाहिल्या, पण त्या दिवशी पहिल्यांदा उघडल्या तेव्हा काय वाटलं ते अजून आठवतं. डाव्या पानावर पुस्तकाचा क्रमांक, प्रकरण, आणि त्यात काय म्हटलंय ते पाच-सहा ओळींत. उजव्या पानावर वेगळ्या शाईने दुसरं काहीतरी. कुठे भरगच्च, कुठे एकच ओळ, आणि कितीतरी उजवी पानं कोरी.

“डावीकडं पुस्तक काय बोलतं ते,” त्या म्हणाल्या. “उजवीकडं आमच्याकडं काय झालं ते.”

“ही कोरी का?”

“ते अजून केलं नाय. केल्याशिवाय काय लिहू?”

मी पानं उलटत राहिलो. मोठ्या शहरांतल्या शिबिरांना मी गेलो आहे. कोट घातलेली माणसं स्टेजवरून बोलतात आणि आम्ही टाळ्या वाजवतो. पण एखाद्या वाक्याची इतकी विचारपूस केलेली मी कुठेच पाहिली नव्हती. वाक्य वाचायचं, वहीत घ्यायचं, आणि जोवर ते स्वतःच्या अंगणात घडत नाही तोवर समोरचं पान रिकामं ठेवायचं. महिनोन् महिने.

मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला. “सर, तिसरं पुस्तक बोलतं, एकच वस्तू धरा, तीच विका, लोकांनी तुमाला त्या एका वस्तूवरून ओळखावं. सहावं बोलतं, गिऱ्हाइकाला निवडायला द्या, एकाच वस्तूवर बसू नका. तुमी दोन्ही पुस्तकं एकाच यादीत घातलीत. म्हणजे तुमाला त्यात काय तरी दिसलं असणार. काय करायचं?”

मी खुर्चीत मागे टेकलो. गिऱ्हाइकांसमोर टेकतो तसाच. म्हणालो, “असं आहे, दोन्हींचा समतोल साधायचा असतो. परिस्थिती पाहून. सुरुवातीला एक, नंतर दुसरं.”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, तिसरी वही उघडली, डाव्या पानावर तारीख घातली आणि सावकाश, गोल अक्षरात लिहायला लागल्या: ‘सर म्हणाले, समतोल.’

ती अक्षरं कागदावर उमटताना मी पाहत होतो. त्याच्यासमोर एक कोरं उजवं पान होतं. आता या बाई दातिवऱ्याला जाणार आणि माझ्या या पोकळ शब्दाची परीक्षा घेत महिने घालवणार, हे मला लख्ख दिसलं.

“ते लिहू नका,” मी म्हटलं.

“का?”

“मी ती पुस्तकं वाचलेली नाहीत.”

त्यांना आधी कळलं नाही. “ही दोन?”

“दहांतलं एक वाचलंय. एक अर्धं. बाकीची मी पाहिलीसुद्धा नाहीत.”

खाली रस्त्यावरून दुसऱ्या पाळीच्या कामगारांची बस गेली. कुणीतरी हिंदीत रिक्षावाल्याला हाका मारत होतं.

“मग यादी कुणी केली?”

“इकडून तिकडून जमवली.”

“दोन वर्षं वाचते मी, सर,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “पावसाळ्यात होडी वर ओढलेली असते तेवा वाचते. थंडीत बोंबील उलटता उलटता वाचते. इंग्रजीचं एक पान तीन-तीनदा. सासू बोलायची, काय मिळतं त्यात? मी सांगायची, बोईसरला सर हायत, त्यांनी सगळी वाचून निवडलीत. आता तिला काय सांगू?”

चूक झाली, एवढंच म्हणालो. त्यांनी ‘समतोल’वर एक आडवी रेघ मारली, वह्या सॅकमध्ये भरल्या आणि उठल्या. मी चहा मागवतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

“चौथं पुस्तक काढून टाका यादीतून,” त्या म्हणाल्या. “त्यात काय नाय. दहा पानांचं हाय, फुगवून तीनशे केलंय.”

आणि जिना उतरून गेल्या.

त्या दिवशी मी दुसरं काही काम केलं नाही. टेबलावरच्या पुस्तकांचं ते वाक्य काढलं. चौथं पुस्तकही काढलं. यादी पूर्ण पुसावी असं वाटलं, पण हात होईना. ती यादी खरी करून दाखवणारं एक माणूस होतं आणि ते माणूस मी नव्हतो. पुसली असती तर त्यांची दोन वर्षंही पुसल्यासारखी वाटली असती.

तिसरं पुस्तक मागवलं. ते आलं तेव्हा ऑफिसात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारलं हे काय आहे. कॉलेज सुटल्यापासून मी शंभर पानांच्या वरचं काही वाचलं नव्हतं. पहिल्या दिवशी चार पानं झाली. पाचव्या पानावर मोबाइल वाजला आणि पुस्तक मिटलं. मग सकाळी ऑफिस उघडायच्या आधी एक तास बसायला लागलो. माझं इंग्रजी त्यांच्यापेक्षा बरं असणार, मी बीकॉम. तरी एकेका पानाला मला घाम फुटत होता. वाचताना सारखं मनात यायचं की या पानाशी त्या थांबल्या असतील, या शब्दासाठी डिक्शनरी उघडली असेल, आणि मग हात धुऊन बोंबील उलटायला गेल्या असतील.

महिन्याभराने फोन केला. “तिसरं पुस्तक वाचून झालं.”

“पुरतं?”

“पूर्ण.”

“सहाव्या प्रकरणात लेखक दुसऱ्या प्रकरणाच्या उलट बोलतो. ते ध्यानात आलं?”

“नाही.”

“मग परत वाचा,” त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. शाळेतल्या बाई गृहपाठाची वही परत देतात, तसं.

परत वाचलं. या वेळी माझीही वही घेतली. आणि खरंच, दुसऱ्या प्रकरणात लेखक म्हणतो की गिऱ्हाइकाला काय हवंय ते त्यालाच विचारा, आणि सहाव्यात तोच म्हणतो की गिऱ्हाइकाला स्वतःला काय हवंय ते माहीत नसतं. मी दोन्हींखाली मान डोलावत रेघा मारल्या होत्या. दातिवऱ्याच्या बाईंनी परक्या भाषेत, शब्द शब्द उचलून, त्या लेखकाला पकडलं होतं.

हे सांगायला फोन केला तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. “या एकदा दातिवऱ्याला,” म्हणाल्या. “सुकवण चालू हाय, आमी सगळ्या घरीच असतो.”

जानेवारीतला रविवार होता. मोटरसायकलवर पालघर, माहीम, केळवे करत गेलो. वाडीवाडीतून मोगऱ्याचे आणि भाजीचे तुकडे, मग खाजणाची दलदल, मग एकदम समुद्राचा वास. आणि त्यातच दुसरा, जास्त दाट वास. गावाच्या टोकाला मोकळ्या जागेत बांबूंचे मांडव उभे होते. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरांवर टांगलेले, ओळीच्या ओळी, आणि ऊन त्यांच्या अंगातून आरपार येत होतं.

सासूबाई खाली बसून जवळा निवडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “तुमीच का ते बोईसरचे सर? वाचलं नवतं ते?”

मांडवाखालच्या सगळ्याजणी हसल्या. मी हो म्हटलं.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “नावं तर बरोबर दिली ना? बसा.”

ओसरीवर बसवून सुनेने मला पहिली वही पूर्ण वाचायला दिली. तिथे मला त्यांच्या धंद्याची सगळी हकीकत कळली. सुरुवातीला ऑर्डरी बऱ्या यायच्या, वसई-विरारहून, ठाण्याहून, पुण्याहूनही. पण एकदा घेतलेलं गिऱ्हाईक पुन्हा यायचं नाही. मासळी तर उत्तम. मग का? पाचव्या पुस्तकात होतं की जे टिकलेत त्यांना विचारू नका, जे गेलेत त्यांना विचारा. डाव्या पानावर ते वाक्य आणि उजव्या पानावर फोनांची यादी. एकेका बाईला यांनी फोन केला होता आणि तिचं उत्तर जसंच्या तसं लिहिलं होतं. ‘वेळ नाही.’ ‘बघू पुढे.’ ‘घरात कुणी खात नाही.’ तेविसाव्या ओळीवर पुण्याच्या एक बाई. त्यांनी खरं सांगितलं होतं. पार्सल त्यांच्या इमारतीच्या वॉचमनकडे दिवसभर पडलं आणि सगळ्या जिन्यात वास सुटला. शेजारणींनी नाकाला पदर लावून विचारलं, कुणाचं हो हे? त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याखाली यांनी लिहिलं होतं, ‘आज कळलं.’

दुसऱ्या पुस्तकात होतं, गिऱ्हाइकाची भीती लपवू नका, जाहिरातीत पहिल्यांदा तीच लिहा. त्याच्यासमोर उजव्या पानावर यांची जाहिरात: ‘आमच्या मासळीला वास येतो. यायलाच पाहिजे. पण तो तुमच्या स्वयंपाकघरात येईल, जिन्यात नाही.’

“हे लिवलं खरं,” त्या म्हणाल्या, “पन लिवण्याआधी ते खरं करायला पाहिजे ना. पुढचं पान बघा.”

पुढच्या उजव्या पानावर नुसत्या नोंदी होत्या. एक पिशवी, वर कागद: ‘मांजर आली.’ दोन पिशव्या: ‘मांजर आली.’ पिशवी, कागद, पुन्हा पिशवी, चिकटपट्टी: ‘मांजर आली, बोका पण.’

मी वर पाहिलं.

“पार्सल बांधायचं आणि अंगणात ठेवायचं,” त्यांनी समजावलं. “दिवसभर उन्हात. दातिवऱ्याची मांजरं. त्यांच्यापेक्षा नाक कुणाचं मोठं हाय?”

आठ नोंदी होत्या. सातवीत, ‘मांजर आली, वास घेतला, गेली.’ आठवीत, ‘संध्याकाळपर्यंत मांजर आली नाही.’ त्याखाली दोन रेघा.

मी बीकॉम शिकलो, धंद्याची शिबिरं केली, लोकांना सल्ले विकले. त्या पानासमोर मला एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत चपला घालून शिरल्यासारखं वाटलं. दूरदेशीच्या कुण्या लेखकाने आपल्या खोलीत बसून लिहिलेलं एक वाक्य इथपर्यंत आलं होतं. त्याला बोंबील माहीत नव्हता. या अंगणातली मांजरं माहीत नव्हती. आणि तरी त्याचं म्हणणं इथे आठ दिवस उन्हात ठेवून तपासलं गेलं आणि खरं निघालं. पुस्तक म्हणजे काय, ते मला त्या ओसरीवर बसून पहिल्यांदा कळत होतं.

सगळंच काही असं जुळलेलं नव्हतं. वहीच्या दोन पानांवर मोठी फुली होती. ते कशाचं, विचारलं तर त्या हसायला लागल्या. आमच्या धंद्यात ज्याने नुसती चौकशी केली, नंबर दिला, त्याला लीड म्हणतात. त्याच स्पेलिंगचा दुसरा अर्थ शिसं, म्हणून इंग्रजी पुस्तकातलं एक वाक्य मोबाइलने त्यांना असं करून दिलं होतं, ‘दर आठवड्याला नवीन शिसं गोळा करा.’

“मला वाटलं, बरोबरच हाय,” त्या म्हणाल्या. “जाळ्याला खालून शिसं लावतात. शिसं नाय तर जाळं बुडत नाय, वरच्या वर वाहत जातं. मला वाटलं, लेखक बोलतोय, धंद्याला खालून वजन पाहिजे. दोन पानं लिवली मी त्यावर! जुनी गिऱ्हाइकं म्हणजे शिसं, सासूचं बाजारातलं नाव म्हणजे शिसं. सहा महिन्यांनी डिक्शनरीत दुसरा अर्थ सापडला.”

“मग फुली मारलीत?”

“चुकीचंच होतं ना.”

मी ती दोन पानं वाचली. फुली मारण्यासारखी ती नव्हती. त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर फोटो काढून घेतला. आजही एखादं गिऱ्हाईक नुसते चौकशीचे नंबर मोजत बसलं की मला ती पानं आठवतात.

निघताना म्हटलं, “तुमचं जाहिरातीचं काम मला द्या. काही घेणार नाही.”

त्यांनी थोडा विचार केला. “नको. आधी सगळी वाचा.”

त्याला आता तीन वर्षं झाली. यादीतली आठ पुस्तकं माझी वाचून झाली आहेत. चौथंही वाचलं, मुद्दाम. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. वेबसाइटवर यादी अजून आहे, पण ती आता वेगळी दिसते. चौथं सोडून जी पुस्तकं मी वाचली तीच तिथे आहेत, आणि प्रत्येकाखाली माझ्या दोन ओळी आणि त्यांच्या चार. त्यांनी नाव टाकू दिलं नाही. ‘मासळीचं नाव होऊ दे,’ म्हणाल्या. म्हणून ‘किनाऱ्यावरच्या एक वाचक’ असं लिहिलं आहे. हातमोजेवाल्या कारखानदाराने ते वाचलं आणि मला विचारलं, या बाई सल्ला देतात का? मी त्यांना विचारून सांगतो म्हटलं. त्यांचा निरोप आला, ‘हातमोजे मला कळत नाहीत. पण मांजर ठेवा म्हणावं.’ कारखानदाराला मी त्याचा अर्थ समजावला. त्यांनी मग आपल्या मालाची तपासणी ज्याला सगळ्यात जास्त तक्रारी करायची सवय होती अशाच एका कामगाराकडे दिली.

दातिवऱ्याचा धंदा वाढला, पण एका दमात नाही. दोन जावा आल्या, एक शेजारीण आली. पार्सलं रोज सफाळ्याला जातात. पुण्याच्या त्या बाई पुन्हा मागवायला लागल्या, आणि त्यांच्या जिन्यातल्या आणखी दोघी. सासूबाई अजून बाजारात बसतात. मरेपर्यंत बसणार म्हणतात. सातव्या पुस्तकासमोरची उजवी पानं मात्र अजून कोरी आहेत. ते पुस्तक दुसऱ्या गावी शाखा काढण्याविषयी आहे.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा गेलो, नववं पुस्तक वाचायला घेतलं होतं आणि अडलो होतो म्हणून. दुपार कलली होती. चौघीजणी सावलीत बसून सोडे निवडत होत्या आणि वह्यांवाल्या बाई मधे बसून तेच नववं पुस्तक मांडीवर घेऊन वाचत होत्या. पानावर इंग्रजी आणि तोंडातून त्यांच्या घरची बोली. अडखळणं नव्हतं, डिक्शनरी नव्हती. मी आवाज न करता ओसरीच्या कडेला टेकलो.

प्रकरण तक्रारींविषयी होतं. बर्फाच्या एका शहरात एक कपड्याचं दुकान. एक बाई कोट परत घेऊन येते. कोट वापरलेला आहे, पावती नाही. तरी दुकानदार तो परत घेतो. मी ते चार दिवसांपूर्वी वाचलं होतं आणि वहीत लिहिलं होतं, ‘परतीचे नियम सैल ठेवावेत.’

“कोट परत का केला तिनं?” सासूबाईंनी विचारलं. हात सोड्यांवर चालूच होते.

“ते लिवलं नाय.”

“बरफ पडतं तिथं, तू बोललीस. थंडीत कोण परत करतं कोट? तिचा नसेल तो. कुणाचा तरी असेल, घरातला.”

“नवऱ्याचा असेल,” शेजारीण म्हणाली. “गेला असेल तो.”

वाचणाऱ्या थांबल्या. त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, ते वाक्य मनात पुन्हा वाचलं. “बाईचा कोट की बाप्याचा, ते पण लिवलं नाय,” त्या हळू म्हणाल्या. “दुकानदारानं विचारलंच नाय तिला. नुसता घेतला.”

“शहाणा होता,” सासूबाई म्हणाल्या. “विचारायचं नसतं.”

मी तो परिच्छेद दोनदा वाचला होता. त्यात एक बाई आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग त्यांनी पान उलटलं, माझ्याकडे पाहून सरकून बसायला जागा केली आणि पुढे वाचायला लागल्या. मी चप्पल काढली आणि त्यांच्यात जाऊन बसलो.